अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये भाजताना लसणीचा लेप कातडीवर लावावा की कातडीखाली?

वाटणघाट :

नमस्कार. पुढच्या रविवारी घरी चार माणसे जेवायला येणार आहेत आणि त्यांच्यासाठी तुकडे न करता अख्खी कोंबडी, सढळ हाताने लसूण लावून, ओव्हनमध्ये भाजावी असे मनात आहे. आमच्याकडे ३५ लिटरचा ओटीजी आहे. त्यात वरच्या आणि खालच्या सळया एकत्र चालतात आणि गरम हवा फिरवणारा पंखाही आहे. कोंबडी साधारण सव्वा किलोची घेणार आहे.

अडचण लेपाची आहे. एका पाककृतीत लसूण वाटून ती लोण्यात कालवून कोंबडीला बाहेरून चोपडायला सांगितले आहे आणि मग २०० अंशांवर तासभर भाजायला सांगितले आहे. दुसऱ्या पाककृतीत हेच लोणी कातडी आणि मांस यांच्यामध्ये भरायचे आहे. तिसरीत ताजी लसूण अजिबात नको, सुकवलेल्या लसणीची पूडच वापरा, असे ठामपणे लिहिले आहे, तर आमच्या नात्यातल्या एका काकूंच्या मते दही आणि आले-लसणीची पेस्ट लावून रात्रभर मुरवण्याला पर्यायच नाही. साध्या फोडणीत लसूण क्षणभर जास्त राहिली तरी कडवट होते हे आपण सगळेच जाणतो, मग तासभर २०० अंशांच्या धगीत ती टिकते तरी कशी, हे मला समजून घ्यायचे आहे. शिवाय आमच्या भागातले चिकनवाले कोंबडी सोलूनच देतात. कातडीसकट मागितली तर चेहरा वाकडा करतात. कातडी नसेल तर हा बेत सोडून द्यावा का? तापमान, वेळ आणि मिठाचे प्रमाण यांबद्दल ज्यांनी हे नेहमी केले आहे त्यांनी सविस्तर लिहिले तर फार मदत होईल.

लोणकढी :

आपला मूळ संशय रास्त आहे. बाहेरून लावलेली वाटलेली लसूण तासभर टिकत नाही, आणि त्याचे कारण लसणीच्या घडणीतच आहे. ताज्या लसणीत पाण्याचा अंश साधारण साठ टक्के असतो. वाटलेल्या लसणीचा पातळ थर गरम हवेत ठेवला की हे पाणी लवकर उडून जाते, आणि जोवर पाणी आहे तोवरच तो थर १०० अंशांच्या आसपास रोखलेला असतो. एकदा कोरडा झाला की त्याचे तापमान झपाट्याने वर चढते आणि लसणीतली फ्रुक्टोजच्या साखळ्यांनी बनलेली कर्बोदके आधी तांबूस, मग तपकिरी आणि नंतर काळी कडू होतात. कोंबडीची मांडी मात्र तोवर आतून कोमटच असते. म्हणजे मांस आणि लसूण यांना लागणारा वेळ मुळातच वेगवेगळा आहे, आणि दोघांना एकाच वेळी एकाच ठिकाणी भाजायला ठेवले की एक जण करपणार किंवा दुसरा कच्चा राहणार.

यातून वाट अशी निघते की लसूण कातडीखाली जावी आणि कातडीवर फक्त मीठ व स्निग्ध पदार्थ असावा. कातडीखालचा लेप मांसाच्या ओलाव्याला चिकटून असतो, वरून कातडीचे छप्पर असते, त्यामुळे तो शंभराच्या वर जातच नाही. तिथे लसूण लोण्यात मंद शिजते, तिचा उग्रपणा जातो आणि गोडसर, मऊ चव उरते. वरची कातडी कोरडी राहिल्यामुळे तिला कुरकुरीत होण्याची मोकळीक मिळते. बाहेरून ओला लेप लावण्याचा दुसरा तोटा हाच आहे, की लेपातले पाणी आटेपर्यंत कातडी नुसती वाफवली जाते.

आता कृती. सव्वा किलोच्या कोंबडीला हाडांसकट वजनाच्या सुमारे सव्वा टक्का, म्हणजे १५ ग्रॅम मीठ पुरते. बारीक मीठ असेल तर ते अडीच चहाचे चमचे होते. लोणी विकतचे खारे वापरणार असाल तर मीठ दोन चमच्यांवर आणावे. आदल्या रात्री हे मीठ कोंबडीला आतून, बाहेरून आणि शक्य तितके कातडीखाली चोळावे आणि कोंबडी एका खोलगट ताटलीत, उघडीच, फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावी. सर्वांत खाली अशासाठी, की तिच्यातून गळणारे पाणी कशावर पडू नये. शेजारी कोशिंबिरीचे सामान ठेवू नये हे ओघानेच आले. मीठ आधी पाणी ओढून बाहेर काढते, मग त्या पाण्यात विरघळून हळूहळू परत आत शिरते आणि मांसाला भाजतानाही ओलावा धरून ठेवायला मदत करते. रात्रभर उघडी राहिल्याने कातडी कागदासारखी कोरडी होते, आणि ती तशी व्हायलाच हवी.

लेपासाठी मोठ्या पाकळ्यांची लसूण सोलून साधारण ४० ग्रॅम घ्यावी. खलबत्त्यात ठेचून दहा मिनिटे तशीच ठेवावी, कारण लसणीचा खास वास पाकळी अखंड असताना तिच्यात तयार नसतो. पाकळी फुटल्यावर ॲलिनेज नावाचे विकर आणि ॲलिन हे द्रव्य एकत्र येतात, त्यातून ॲलिसिन बनते, आणि उष्णता लागताच हे विकर निकामी होते. दहा मिनिटांनी ६० ग्रॅम मऊ लोणी, भरड मिरपूड, कोथिंबिरीचे देठ बारीक चिरून आणि लिंबाच्या सालीचा हलका कीस त्यात मिसळावा. लिंबाचा रस घालू नये, तो शेवटी पिळावा.

छातीच्या बाजूने दोन बोटे कातडीखाली सरकवून ती हळूहळू सुटी करावी. छातीच्या मध्यभागी एक पातळ पापुद्रा चिकटलेला असतो तिथे घाई करू नये, नखे वाढलेली असतील तर चमच्याची पाठ वापरावी. तिथून बोट मांडीपर्यंत पोहोचते. दोन तृतीयांश लोणी आत भरून बाहेरून हाताने दाबत सगळीकडे पसरवावे. कातडीला वरून फक्त थोडे तूप लावावे. लोण्यात दुधाचे घन अंश असतात, ते लवकर काळे पडतात. तुपात ते नसतात.

ओटीजी वीस मिनिटे आधी चालू करावा. पहिली वीस मिनिटे २२० अंश, नंतर १८० अंशांवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे. पंखा चालू असेल तर दोन्ही आकडे वीस अंशांनी कमी धरावेत. ट्रे खालच्या खाचेत ठेवावा, कारण अख्ख्या कोंबडीची छाती उंच असते आणि ३५ लिटरच्या ओव्हनमध्ये ती वरच्या सळयांच्या फार जवळ जाते. छाती आधीच तांबूस झाली तर तेवढ्याच भागावर फॉइलचा तुकडा टाकावा. कोंबडीखाली बटाट्यांच्या आणि कांद्याच्या जाड चकत्या पसरल्या तर गळणारी चरबी तापलेल्या पत्र्यावर पडून धूर होत नाही. त्या चकत्यांसाठीच आमच्याकडे कोंबडी भाजली जाते असे म्हटले तरी चालेल.

राहिलेले एक तृतीयांश लोणी शेवटची आठ-दहा मिनिटे उरली असताना वरून लावावे. एवढ्या वेळात लसूण सोनेरी होते, काळी होत नाही. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटे कापू नये.

पोदेरवाडी :

लोणकढी यांनी सांगितलेले सगळे पटते, फक्त कुरकुरीत कातडीला एवढे महत्त्व द्यावे का याबद्दल माझे मत वेगळे आहे. गोव्यात नाताळाला अख्खी कोंबडी भाजली जाते तेव्हा मसाला हीच तिची ओळख असते. लसूण, मिरी, दालचिनी, थोडी सुकी मिरची हे सगळे माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटून मांसाला चिरा देऊन त्यांत भरले जाते. कातडी मऊ राहते आणि कोणी तक्रार करत नाही. अर्थात व्हिनेगरमध्ये वाटताना एक बाब लक्षात घ्यावी. लसूण थेट आंबट द्रावात वाटली तर ते विकर आंबटपणामुळे नीट काम करत नाही आणि वाटणाला झणका कमी येतो. आधी कोरडी ठेचून, काही मिनिटे थांबून मग व्हिनेगर घातले तर वास पुरेपूर उतरतो. दोन्ही प्रकार आपापल्या जागी चांगले आहेत. मुलांसाठी पहिला बरा.

चिरांबद्दल माझा आग्रह आहे. कितीही तास मुरवले तरी मीठ सोडून बाकीच्या मसाल्याचा स्वाद मांसात काही मिलिमीटरच जातो. ही मर्यादा कोंबडी अख्खी असताना जास्त जाणवते, कारण तुकड्यांच्या मानाने तिचे पृष्ठभाग कमी आणि मांसाची जाडी जास्त. म्हणून मांडीच्या आणि तंगडीच्या जाड भागाला हाडापर्यंत दोन-दोन चिरा द्याव्यात आणि लसूण त्यांत दाबून बसवावी. तिथेही ती करपत नाही आणि मांडीत उष्णता लवकर पोहोचते हा वरचा फायदा. छातीला मात्र चिरा देऊ नयेत, ती सुकते.

धगीबद्दल थोडे. आमच्या वाड्यावर पूर्वी ज्या घरी ओव्हन नसे त्या घरचे ताट पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीत जाई. पाव काढून झाल्यावर भट्टीत नवे लाकूड पडत नाही, त्यामुळे ती आधी कडक तापलेली असते आणि नंतर आपोआप उतरत जाते. वर जो आधी २२० आणि मग १८० असा क्रम दिला आहे तो याच उतरत्या धगीचा घरगुती अवतार आहे, आणि अख्ख्या पक्ष्यासाठी ही पद्धत खरोखर उत्तम आहे, कारण सुरुवातीची धग वरची बाजू रंगवते आणि नंतरची मंद धग आतपर्यंत जायला वेळ देते.

पोटाच्या पोकळीत लसणीचा अख्खा गड्डा आडवा कापून, अर्धे लिंबू आणि दोन तमालपत्रे ठेवावीत. पाव, कलेजी, मनुका असे सारण भरायचे असेल तर ते घट्ट ठासू नये, आणि सारण आतपर्यंत पूर्ण गरम झाल्याशिवाय कोंबडी बाहेर काढू नये, कारण कच्च्या मांसाचा रस त्यात झिरपलेला असतो. पहिल्याच वेळी सारण न भरणे शहाणपणाचे.

वाटणघाट :

दोघांचे मनापासून आभार. कातडीखाली लेप का लावायचा हे आता नीट समजले. चिकनवाल्याला विचारून आले. तो म्हणतो की पिसे आणि कातडी एकदम ओढून काढणे दोन मिनिटांचे काम आहे, कातडी ठेवायची तर कोंबडी गरम पाण्यात बुडवून पिसे उपटावी लागतात, आणि रविवारच्या गर्दीत ते होणार नाही. शनिवारी सकाळी लवकर आलात तर बघू, असे तो म्हणाला आहे. पण त्याने नाहीच दिली तर? आणि मांस शिजले हे ओळखायचे कसे? सुरी खुपसून पांढरा रस आला की झाले, असे मी ऐकून आहे.

हॅमिल्टनकर :

शिजण्याबद्दल मी लिहितो, कारण इथे कॅनडात दुकानात मिळणारी अख्खी कोंबडी सहसा कातडीसकट असते आणि आमच्या घरी थंडीच्या दिवसांत हा प्रकार वरचेवर होतो.

रसाच्या रंगावर विसंबू नये. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा-सात आठवड्यांची असते, तिची हाडे पूर्ण घट्ट झालेली नसतात, आणि त्यांतला मगजाचा लाल रंग भाजताना बाहेर झिरपतो. त्यामुळे पूर्ण शिजलेल्या मांडीतही हाडाजवळ लालसर दिसते, विशेषतः कोंबडी गोठवलेली असेल तर. उलट, रस पांढरा दिसला म्हणजे मांस सुरक्षित तापमानाला पोहोचले असेच नाही. अन्नाचे तापमान मोजणारा सुईचा थर्मामीटर आता भारतातही सहज मिळतो, तो घ्यावा. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता सुई खुपसावी आणि ७४ अंश सेल्सिअस दिसल्याशिवाय कोंबडी बाहेर काढू नये. मांडीला तर मी ८० अंशांपर्यंत जाऊ देतो, कारण तिच्यातल्या संयोजी ऊतीतले कोलॅजन विरघळून जिलेटिन होते आणि मांस हाडापासून सहज सुटते. छातीचे याच्या उलट आहे. ती ७४च्या फार पुढे गेली की भुश्शासारखी लागते. अख्खी कोंबडी भाजण्यातली सगळी कसरत या दोन भागांची वेळ जुळवण्यातच आहे. म्हणून मांड्या ओव्हनच्या आतल्या, जास्त गरम बाजूकडे आणि छाती दाराकडे येईल असा ट्रे ठेवावा.

ओटीजीच्या खटक्यावरचे आकडे खऱ्या तापमानाशी नेहमी जुळत नाहीत, पंधरा-वीस अंशांचा फरक सर्रास असतो. जाळीवर ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर शंका मिटवतो.

कोंबडी धुण्याबद्दल आपल्याकडे पक्के संस्कार आहेत, तरी सांगतो. कच्ची कोंबडी नळाच्या धारेखाली धुतली की साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू बारीक तुषारांबरोबर ओट्यावर, भांड्यांवर उडतात. ते मरतात भाजण्याने, धुण्याने नव्हे. दुकानातून पिसांचे अवशेष किंवा रक्त लागून आले असेल आणि धुतल्याशिवाय चैन पडणार नसेल, तर मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात हलकेच बुडवून काढावी, नंतर सिंक साबणाने घासावे आणि कोंबडी कागदाने टिपून पूर्ण कोरडी करावी.

लसणीबद्दल आणखी एक वेगळी पद्धत नोंदवतो. फ्रेंच स्वयंपाकात चाळीस पाकळ्यांची कोंबडी म्हणून एक प्रकार आहे. त्यात लसूण सोलायची नाही आणि ठेचायचीही नाही. सालीसकट पाकळ्या कोंबडीभोवती झाकणबंद जड भांड्यात टाकायच्या. ठेचलेली नसल्यामुळे तो उग्र वास तयारच होत नाही, आणि चाळीस पाकळ्या ऐकून घाबरलेला माणूस जेवताना निवांत होतो. पाकळी दाबली की आतला गर पावावर लोण्यासारखा पसरतो. दुसरे टोक लेबनॉनचे. तिथे भाजलेल्या कोंबडीबरोबर तूम म्हणजे कच्ची लसूण, तेल, लिंबाचा रस आणि मीठ घोटून केलेली पांढरीशुभ्र चटणी देतात. लसूण विस्तवाजवळ न्यायचीच नाही, हा करपण्यावरचा सर्वांत सोपा तोडगा! ज्यांना झणझणीत लसूण हवी त्यांच्यासाठी मी हीच वेगळी वाटीत ठेवतो.

खारवट :

आता कातडी नसलेल्या कोंबडीबद्दल. वरच्या चर्चेत ती राहून गेली आहे आणि आपल्याकडे निम्म्याहून जास्त घरांना तोच प्रश्न असणार. बेत मुळीच सोडू नका, पण वरची कृती तशीच्या तशी उचलू नका. कातडी नसेल तर मांसाचे संरक्षण लेपालाच करावे लागते, आणि तो लेप लसूण-लोण्याचा असून चालत नाही, कारण लोणी वितळून ट्रेमध्ये उतरते आणि मागे नुसती लसूण उघडी पडते.

माझी पद्धत दोन टप्प्यांची आहे. मीठ आदल्या रात्रीच लावायचे, पण अशी कोंबडी फ्रीजमध्ये उघडी ठेवायची नाही, झाकायची, नाहीतर मांसाचाच वरचा थर वाळतो. दुसऱ्या दिवशी तिला फक्त तूप, मिरपूड आणि हळद चोळून, ट्रेवर फॉइलचे घट्ट झाकण लावून १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटे ठेवायची. एवढ्या वेळात ती बरीचशी शिजते, सुकत नाही. मग फॉइल काढून लेप लावायचा : पाणी पूर्ण निथळलेला चार मोठे चमचे चक्का, ठेचलेली लसूण दोन मोठे चमचे, कोरडे भाजून घेतलेले बेसन एक मोठा चमचा, मोहरीचे तेल किंवा तूप दोन मोठे चमचे, रंगापुरती काश्मिरी मिरची. मीठ आधी लावलेले आहे, त्यामुळे लेपात चिमूटभरच. बेसन चक्क्यातले उरलेसुरले पाणी धरून ठेवते आणि लेप मांसावरून घसरू देत नाही. यानंतर २२० अंशांवर वीस मिनिटे. चक्क्यातल्या ओलाव्यामुळे लसूण एवढा वेळ तग धरते, आणि लेपाच्या कडा जिथे तांबूस होतात तिथे तंदुरीची आठवण येते.

नुसते पातळ दही कोणी सुचवले असेल तर ते टाळावे, ते ओव्हनमध्ये फाटून पाणी सुटते आणि कोंबडी त्या पाण्यात उकडते. तयार आले-लसणीच्या पेस्टबद्दलही तेच सांगेन. तिच्यात पाणी, मीठ आणि टिकवण्यासाठी आंबटपणा असतो. रोजच्या रश्श्याला ती चालते, पण जिथे लसूण हाच मुख्य स्वाद आहे तिथे तिची चव तुरट आणि शिळी लागते. लसणीच्या पुडीचा सल्ला ज्यांनी दिला आहे तो मात्र अगदीच टाकाऊ नाही. मिठाबरोबर मिसळून कातडीवर चोळायची असेल तर पाऊण चमचा पूड चालते, तिच्यात पाणी नसल्याने कातडी ओली होत नाही. पण तीही पहिल्या कडक धगीत करपू शकते, म्हणून मग तापमान सुरुवातीपासून १९०च्या वर नेऊ नये.

कोंबडी सपाट करण्याची युक्ती इथे कोणी सांगितली नाही याचे आश्चर्य वाटले. मजबूत कात्रीने पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापून कणा काढायचा, कोंबडी उघडून छाती वर येईल अशी ठेवायची आणि छातीच्या हाडावर तळव्याने जोर देऊन ती दाबायची. हाड कट्‌कन मोडते आणि कोंबडी ट्रेवर सपाट बसते. ताटात ती अख्खीच दिसते, पण मांड्या आणि छाती एकाच पातळीवर आल्यामुळे २१० अंशांवर पंचेचाळीस मिनिटांत दोन्ही तयार होतात, आणि ओटीजीच्या वरच्या सळयांपासूनही पुरेसे अंतर राहते. लहान ओव्हनसाठी मी हीच पद्धत सुचवेन. चिकनवालाही कणा काढून देतो. काढलेला कणा, मान आणि पंखांची टोके सूप करायला ठेवावीत.

गावठी कोंबडी यासाठी आणू नये. तिचे मांस चवदार असले तरी चिवट असते, कोरड्या धगीत ती आणखी आवळते. तिला रस्साच शोभतो.

लोणकढी :

खारवट यांची दोन टप्प्यांची पद्धत कातडी नसलेल्या कोंबडीसाठी माझ्या पद्धतीपेक्षा निःसंशय योग्य आहे. फक्त फॉइल काढल्यावर ट्रेमध्ये जो रस साठलेला असतो तो लेप लावण्यापूर्वी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावा, नाहीतर वर म्हटल्याप्रमाणे उकडण्याचाच प्रकार पुन्हा होतो. तो रस फेकू नये. पोदेरवाडी यांनी सांगितलेला पोकळीतला गड्डा कातडीसकट भाजलेल्या कोंबडीत मांसाला फारसा स्वाद देतो असे मला वाटत नाही, पण भाजून मऊ झालेल्या त्याच पाकळ्या पिळून या रसात कुस्करल्या, लहान कढईत दोन-तीन मिनिटे आटवल्या आणि गॅस बंद केल्यावर त्यात एकच कच्ची पाकळी किसून टाकली, तर लसणीचे गोड आणि झणझणीत असे दोन्ही स्वाद एकत्र येतात. मांसाच्या आत मसाला जात नाही ही जी मर्यादा वर आली आहे तिच्यावर प्रत्येक घासाबरोबर घेतलेला हा रस हेच खरे उत्तर आहे.

वाटणघाट :

सर्वांचे आभार. शनिवारी सकाळी चिकनवाल्याकडे जाऊन बघते. कातडीसकट मिळाली तर सपाट करून कातडीखाली लोणी, नाहीतर चक्क्याचा लेप, असे ठरवले आहे. शेवटचे दोन प्रश्न. लसूण-लोणी गुरुवारीच करून ठेवले तर चालेल का, आणि त्याऐवजी लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवली तर? शिवाय मागे एकदा लिंबाच्या रसात ठेवलेली लसूण हिरवट-निळी झालेली पाहिली होती, ती खाण्याजोगी असते का?

लोणकढी :

हिरवा-निळा रंग निर्धोक असतो. लसणीतली गंधकयुक्त द्रव्ये आणि अमिनो आम्ले यांच्यात आंबट माध्यमात क्रिया होऊन तो रंग बनतो, आणि बरेच दिवस थंडीत ठेवलेल्या लसणीत तो जास्त दिसतो. उत्तर चीनमध्ये व्हिनेगरमध्ये मुरवलेली अशी हिरवी लसूण मुद्दाम करून खातात. पाहुण्यांना रंग विचित्र वाटू नये एवढ्यासाठीच लेपात लिंबाचा रस आधी घालू नये असे मी लिहिले होते.

तेलातली लसूण ओट्यावर मात्र अजिबात ठेवू नये. लसूण जमिनीखाली वाढते, तिच्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. लसूण आंबट नाही आणि तेल हवेला अडवते, त्यामुळे खोलीच्या तापमानाला त्या बीजाणूंना वाढायला हवी तशीच परिस्थिती मिळते. त्यातून तयार होणारे विष प्राणघातक ठरू शकते आणि त्याला वास, चव किंवा रंग यांची खूण नसते. लसूण-लोण्यालाही हीच काळजी लागू आहे. गुरुवारी केलेले लोणी लगेच फ्रीजमध्ये ठेवून रविवारी वापरायला हरकत नाही, त्यापुढे नको. जास्त दिवसांसाठी करायचे असेल तर बटर पेपरमध्ये गुंडाळून त्याची वळी करावी आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. अशा गोठलेल्या वळीच्या पातळ चकत्या कापून कातडीखाली सरकवणे मऊ लोणी भरण्यापेक्षा सोपे जाते, हात बरबटत नाहीत आणि कातडी फाटण्याची भीतीही कमी होते.